तेरा वर्षांनंतर पुन्हा वॉर्डात

अहिल्यानगर जिल्ह्यातील एका वाचक भगिनीचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

"सप्रेम सलाम. माझे वय चव्वेचाळीस आहे. एका मिशन रुग्णालयाच्या नर्सिंग स्कूलमधून मी जीएनएम (परिचर्या व प्रसूतिसेवेची पदविका) केले आणि पुण्यात सहा वर्षे मेडिकल वॉर्डात नोकरी केली. धाकट्या मुलाच्या वेळी नोकरी सोडली ती तात्पुरती म्हणून, परंतु पुढे सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि शेवटची चार वर्षे त्या अंथरुणालाच खिळून होत्या. त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे, नळीतून पातळ आहार द्यायचा, यातच दिवस आणि रात्र जात असे. पाठीला जखम मात्र कधी झाली नाही. गेल्या पावसाळ्यात त्या प्रभूकडे गेल्या. तेरा वर्षे मी काहीच केले नाही. आता मुलगी बारावीत आणि मुलगा आठवीत आहे. शहरातील साठ खाटांच्या एका रुग्णालयात परिचारिका हव्या आहेत असे कळले. यजमानांची हरकत नाही. पण महिला मंडळातील वडीलधाऱ्या भगिनी म्हणतात की घर हीच देवाने स्त्रीला दिलेली सेवा आहे, आणि रविवारी ड्यूटी लागली तर उपासना चुकेल. तीन महिने मी प्रार्थना करते आहे, परंतु स्पष्ट खूण मिळत नाही. मला खरोखर पाचारण, म्हणजे देवाचे बोलावणे, आहे, की मुलीची फी आणि घरातले एकटेपण एवढेच मला तिकडे ओढते आहे? आणि पाचारण नसेल, तर या वयात नव्याने सुरुवात करण्याला काय अर्थ आहे? सोबत प्रमाणपत्राची छायाप्रत जोडली आहे."

प्रिय भगिनी,

येशूच्या नावात सलाम.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले, आणि दुसऱ्या वेळी एका वाक्यापाशी अडले. सासूबाईंना दर दोन तासांनी वळवल्याचे, नळीने आहार दिल्याचे, पाठीला जखम होऊ न दिल्याचे लिहून झाल्यावर लगेच तुम्ही लिहिता, "तेरा वर्षे मी काहीच केले नाही." मी स्वतः परिचारिका होते आणि पुढे बरीच वर्षे परिचर्या शिकवली, म्हणून हे जबाबदारीने सांगते की अर्धांगवायू झालेल्या वृद्ध रुग्णाला चार वर्षे बेडसोर होऊ न देणे ही गोष्ट तीन पाळ्यांत माणसे असलेल्या वॉर्डालाही नेहमी साधत नाही. तुम्ही ती एकटीने, एका खोलीत, बहुधा साध्या पलंगावर आणि अंगावर कोणताही गणवेश नसताना केली. त्या काळात पगार नव्हता, हजेरीपट नव्हता, रात्रपाळी संपल्यावर "सिस्टर, आता मी बघते" असे म्हणणारे कोणी नव्हते, म्हणून ते काम नव्हते असा हिशेब तुमच्या मनाने कसा मांडला, याचा विचार आधी करायला हवा, कारण तुमच्या पुढच्या सगळ्या शंका या एका हिशेबातून निघाल्या आहेत असे मला वाटते.

तुम्ही विचारता की पाचारण आहे की नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये हा शब्द आपण फार जपून, जवळजवळ भीतीने वापरतो. पाळकांना पाचारण असते, सुवार्तिकाला असते, सर्व सोडून दूरच्या गावी गेलेल्या मिशनरी बाईंना असते, आणि उरलेल्या आपण सर्वांना नुसती नोकरी किंवा नुसते घर असते. नव्या करारात मात्र हा शब्द प्रथम ख्रिस्ताकडे येण्यासाठी वापरला आहे आणि तो प्रत्येक विश्वासणाऱ्याला लागू आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल म्हणतो की ज्याला ज्या स्थितीत पाचारण झाले त्याने त्याच स्थितीत राहावे. सोळाव्या शतकात जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर यांनी याच वचनावर विचार करताना पाचारण हा शब्द मठाच्या भिंतींमधून बाहेर आणला आणि शेतकरी, दासी, आई, न्यायाधीश यांच्या रोजच्या कामाला तो लावला. १५२२ साली विवाहाविषयी लिहिताना तर त्यांनी असे म्हटले की एखादा बाप मुलाची लंगोटी धुतो आणि लोक त्याला हसतात, पण तो हे विश्वासाने करत असेल तर देव आणि सर्व देवदूत आनंदाने हसत असतात. लंगोटी धुणारा तेथे बाप आहे, याकडे तुमच्या यजमानांचेही लक्ष वेधावे असे मला वाटते. त्यांच्याकडे मी पुढे येणारच आहे.

म्हणून पाचारण हे तुमच्या घरापासून रुग्णालयापर्यंतच्या रस्त्यावर कोठेतरी पडलेले आहे आणि ते सापडल्याशिवाय पुढे जायचे नाही, अशी कल्पना करू नका. ते तुमच्याजवळ आहे, बाप्तिस्म्यापासून आहे, आणि सासूबाईंच्या खोलीतही होते. तुमच्यापुढचा प्रश्न त्यामुळे पुष्कळ साधा होतो, आणि तो असा की आता तुमच्या हातांची गरज कोणाला आहे, आणि ते हात द्यायला तुम्ही मोकळ्या आहात काय.

खुणेविषयी. शास्ते ग्रंथात खूण मागणारा म्हणून आपण गिदोनाचे नाव नेहमी घेतो, पण एक गोष्ट विसरतो की काय करायचे ते त्याला आधीच सांगून झाले होते. खळ्यात लोकर ठेवून तिच्यावर दव पडावे ही खूण त्याने भीतीपोटी मागितली होती, आणि देवाने त्याची भीती समजून घेतली. लोकरीची वाट पाहणे हा सर्वांसाठी घालून दिलेला नियम नव्हे. तुमच्याच व्यवसायातील एक उदाहरण पाहा. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी लिहून ठेवले आहे की ७ फेब्रुवारी १८३७ रोजी देवाने त्यांना आपल्या सेवेसाठी बोलावले. त्या वेळी त्या सोळा वर्षांच्या होत्या. परंतु ती सेवा कोणती, हे त्यांना त्या दिवशी कळले नाही, आणि घरच्यांचा विरोध इतका की जर्मनीत कैसर्सवर्थ येथील डीकनेस, म्हणजे मंडळीच्या सेवेला वाहून घेतलेल्या, भगिनींच्या संस्थेत काही महिने शिकण्याची संधी त्यांना १८५१ साली मिळाली, पहिले जबाबदारीचे पद १८५३ साली आणि क्रिमियन युद्धातील स्कुटारीचे रुग्णालय १८५४ साली. शाळेत आपण त्यांच्या हातातील दिव्याविषयी शिकलो, पण बोलावणे आणि काम यांच्यामध्ये गेलेल्या सोळा वर्षांविषयी कोणी शिकवले नाही. ज्यांना इतकी स्पष्ट हाक ऐकू आली होती त्यांनाही कामाचे स्वरूप चाचपडत, चौकशी करत, दार ठोठावत शोधावे लागले, तर तुम्हांला तीन महिन्यांत आकाशातून उत्तर आले नाही याचा अर्थ देव नको म्हणतो असा होत नाही.

आता हेतूची शंका. मुलीची फी आणि एकटेपण ही कारणे तुम्ही अशा सुरात लिहिली आहेत, जणू ती पकडली गेलेली चोरी आहे. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा दाखला आपण मंडळीत नेहमी कृपेचा दाखला म्हणून ऐकतो, आणि तो कृपेचाच आहे. पण त्यातील माणसे बाजारात का उभी होती याकडे क्वचितच कोणी पाहते. ती रोजंदारीवरची माणसे होती. दीनार ही एका दिवसाची मजुरी होती, म्हणजे त्या संध्याकाळी घरात काही शिजणार की नाही हे तिच्यावर ठरत असे. मालक पहाटे जातो, तिसऱ्या, सहाव्या, नवव्या तासाला जातो आणि शेवटी अकराव्या तासाला, म्हणजे सूर्य मावळायला तासभर उरला असताना जातो, आणि तेथे अजून उभ्या असलेल्यांना विचारतो की तुम्ही दिवसभर रिकामे का उभे आहात. ते सांगतात की आम्हांला कोणी कामावर लावले नाही. या संपूर्ण प्रसंगात मालक कोणाला हेतू विचारत नाही. तुम्ही द्राक्षमळ्यावरील प्रेमापोटी येता की पोटासाठी, असा प्रश्न त्याच्या तोंडी नाही. पोटासाठी आलेली माणसे त्याने मळ्यात घेतली, आणि कामही खरेच झाले, द्राक्षे खरीच तोडली गेली.

कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे हे प्रभूचेच म्हणणे लूकच्या दहाव्या अध्यायात आहे, आणि तेही सुवार्तेसाठी निघालेल्या शिष्यांच्या संदर्भात आहे. मुलीच्या शिक्षणासाठी पैसे मिळवणे हा परिचर्येतील उद्देशाला लागलेला डाग नव्हे. तो पैसा मिळवण्यासाठी तुम्ही एखाद्या अनोळखी माणसाला वेळेवर औषध देणार आहात, आणि त्या माणसाच्या दृष्टीने पाहिले तर त्याला एवढेच हवे आहे.

एकटेपणाबद्दल मात्र मी थोडी सावधगिरी सुचवीन. मनुष्य एकटा असावा हे बरे नाही, हे वाक्य उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात, पाप जगात येण्यापूर्वी आले आहे, तेव्हा सोबतीची ओढ हे पाप नव्हे. त्याच अध्यायात, त्याआधी तीन वचने, मनुष्याला बागेची मशागत व राखण करण्यास ठेवल्याचे लिहिले आहे. म्हणजे काम हीदेखील शिक्षा म्हणून आलेली गोष्ट नाही. परंतु सासूबाईंना जाऊन अजून वर्ष झालेले नाही, आणि चार वर्षे दर दोन तासांनी जागे होणाऱ्या शरीराला अचानक मिळालेली शांतता ही विश्रांतीसारखी न वाटता पोकळीसारखी वाटते. ते दुःखच आहे, आणि कामावर गेल्याने ते नाहीसे होणार नाही. पहिल्या महिन्यातच तुमच्या वॉर्डात अर्धांगवायू झालेली एखादी आजी येईल, तिची सून शेजारी बसलेली असेल, आणि तिला कुशीवर वळवताना तुमचे डोळे भरून येतील. तसे झाले तर ते व्यवसायाला न शोभणारे आहे असे समजू नका. दोन मिनिटे ड्यूटी रूममध्ये जा, पाणी प्या आणि परत या. मेट्रननी, म्हणजे मुख्य परिचारिकेने, विचारले तर खरे कारण सांगा. त्या सुनेला मात्र थोडा वेळ द्या, कारण घरी गेल्यावर काय करावे लागते हे तुमच्याइतके नेमके तिला त्या इमारतीत दुसरे कोणी सांगू शकणार नाही.

महिला मंडळातील भगिनींचा मान राखून सांगते की त्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. घर ही सेवा आहे. तुम्ही ती केली आहे. पण तीच एक सेवा, असे शास्त्र म्हणत नाही. तीताला लिहिलेल्या पत्रातील घरचे काम पाहणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख बहुधा त्यांच्या मनात असेल. तेथे पौलाचा सर्व रोख विश्वासणाऱ्यांच्या वागण्याने देवाच्या वचनाची निंदा होऊ नये यावर आहे, आणि त्या काळी घर म्हणजे सूत, धान्य, तेल, नोकरचाकर असा एक लहानसा कारखानाच होता. नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायातील सद्गुणी स्त्री, जिचे वाचन आपण मातृदिनाला करतो, ती शेत पाहून विकत घेते, आपल्या कमाईने द्राक्षमळा लावते आणि तागाची वस्त्रे करून विकते. प्रेषितांची कृत्ये वाचली तर थुवतीराची लुदिया जांभळी वस्त्रे विकणारी आहे, आणि करिंथात प्रिस्किल्ला आपल्या नवऱ्याबरोबर तंबू करण्याचा धंदा करते व पौल त्यांच्याच घरी राहून त्याच धंद्यात हात घालतो. या स्त्रिया मंडळीच्या कडेला नव्हत्या; लुदियेच्या घरात तर फिलिप्पै येथील विश्वासणारे एकत्र येत असत.

आणि तुमच्या शहराविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. सिंथिया फॅरर या अविवाहित अमेरिकन मिशनरी बाई १८२७ साली मुंबईत आल्या आणि १८३९ साली अहमदनगरला येऊन तेथे त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. १८६२ साली त्या नगरमध्येच वारल्या. नगरला आल्या तेव्हा त्यांचे वय चव्वेचाळीसच्या आसपास होते, म्हणजे तुमचे आजचे वय. घराबाहेर काम करणारी स्त्री ही तुमच्या मंडळीत नवी गोष्ट आहे असे कोणी म्हणत असेल, तर त्यांना नगरच्या मंडळीचा इतिहास कोणीतरी प्रेमाने वाचून दाखवला पाहिजे.

पंडिता रमाबाईंचे नाव अशा प्रसंगी सर्वच जण घेतात, पण मला त्यांच्या आयुष्यातील एक कमी सांगितली जाणारी गोष्ट तुमच्यासाठी महत्त्वाची वाटते. १८८२ साली पती वारले तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा एक वर्षाचीही झाली नव्हती. पुढच्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या, आणि जाताना वैद्यकशास्त्र शिकावे असा त्यांचा मानस होता. परंतु कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे तो मार्ग बंद झाला. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. डॉक्टर होण्याचे राहून गेले, आणि पुढे १८८९ साली मुंबईत शारदा सदन ही विधवांची शाळा, नंतर दौंड-पुणे मार्गावरील केडगाव येथील मुक्ती ही निराधार स्त्रियांची संस्था (नगरचे केडगाव नव्हे, नाहीतर गल्लत होते), दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली व स्त्रिया, आणि शेवटी इब्री व ग्रीक शिकून सोप्या मराठीत केलेले पवित्र शास्त्राचे भाषांतर, असे त्यांचे काम वाढत गेले. ते भाषांतर मुक्तीतील स्त्रियांनीच तेथल्या छापखान्यात जुळवले आणि छापले. रमाबाई १९२२ साली वारल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. मुक्तीतील त्या स्त्रियांपैकी प्रत्येकीला छपाईचे खिळे जुळवण्याचे पाचारण झाले होते काय, असे कोणी विचारले असते तर त्यांना प्रश्नच कळला नसता. काम समोर होते, हात होते, शिकवणारी बाई होती. उद्देश पुष्कळदा असा हातातून वर चढतो, आणि आपण मात्र तो आधी डोक्यात पक्का व्हावा म्हणून थांबून राहतो.

रविवारच्या ड्यूटीबद्दल मी फार लिहीत नाही, कारण प्रभूनेच त्याचे उत्तर दिले आहे. अठरा वर्षे कुबडी झालेल्या स्त्रीला त्याने शब्बाथ दिवशी, म्हणजे विश्रांतीच्या पवित्र दिवशी, बरे केले, आणि हरकत घेणाऱ्यांना विचारले की तुम्ही शब्बाथ दिवशी आपला बैल पाण्यावर नेण्यासाठी सोडत नाही काय. रुग्णांना रविवारी तहान लागते. पाळकसाहेबांना भेटून आधीच सांगून ठेवा की महिन्यातून दोन रविवार तुम्ही येऊ शकणार नाही, आणि प्रभुभोजनाच्या रविवारी सकाळची पाळी बदलून मिळते का ते वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना विचारा. बहुधा दिवाळीला तुम्ही थांबलात तर नाताळला दुसरी कोणी थांबते, असा व्यवहार परिचारिकांमध्ये चालत आला आहे. मला खरी काळजी वाटते ती साप्ताहिक सुट्टीची, कारण तो दिवस आठवड्याचे कपडे आणि दळण यांत गेला तर शब्बाथ चुकला असे मी म्हणेन, मग त्या दिवशी तुम्ही उपासनेला गेलेल्या असल्या तरी.

कामाच्या ठिकाणी विश्वासाची साक्ष देण्याविषयीही कोणी ना कोणी तुम्हांला सल्ला देईलच. माझे मत स्पष्ट आहे. खाटेवरचा माणूस उठून जाऊ शकत नाही. त्याच्या हातात सलाईन आहे, तो तुमच्यावर अवलंबून आहे, आणि अशा माणसापुढे न विचारता धर्माचे बोलणे हे मला त्याच्या असहायपणाचा फायदा घेण्यासारखे वाटते. त्याने स्वतः प्रार्थना करा म्हटले तर करा, हळू आवाजात आणि थोडक्यात. तुमची साक्ष औषधाच्या तक्त्यावर असेल. रात्री दोन वाजता नाडी न पाहताच ठोकून दिलेल्या आकड्यात ती नसेल.

आता व्यवहाराकडे वळू, कारण अर्थाची चर्चा कितीही केली तरी नोंदणीचे नूतनीकरण झालेले नसेल तर दारातूनच परत यावे लागेल. सर्वांत आधी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे तुमच्या नोंदणीची आजची स्थिती काय आहे ते पाहा. नोंदणी ठरावीक मुदतीची असते आणि नूतनीकरणासाठी निरंतर परिचर्या शिक्षणाचे तास लागतात. तेरा वर्षांच्या खंडानंतर नेमके काय भरावे लागेल हे परिषदेकडूनच लेखी घ्या, मैत्रिणीच्या सांगण्यावर जाऊ नका. दरम्यान जुन्या वह्या काढा आणि थेंबांचे गणित पुन्हा करा: ५०० मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यायचे आहे आणि सेट मिलिलिटरला २० थेंबांचा आहे, तर मिनिटाला साधारण ४२ थेंब. हे पाठ झाले की निम्मी भीती जाते. इन्फ्युजन पंप, संगणकावरील नोंदी या गोष्टी दोन आठवड्यांत हाताखालून जातात. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम मात्र तुम्ही नोकरी सोडल्यानंतर, २०१६ साली बदलले आहेत. आता पिवळी व लाल पिशवी, सुया आणि धारदार वस्तूंसाठी पांढरा अर्धपारदर्शक डबा व काचेसाठी निळा, अशी विभागणी आहे, आणि जुन्या सवयीने हात चुकण्याची शक्यता येथे सर्वांत जास्त. बेसिक लाइफ सपोर्टचे (हृदय किंवा श्वास थांबलेल्याला वाचवण्याच्या प्राथमिक उपचारांचे) एक दिवसाचे प्रशिक्षण मुलाखतीपूर्वी करून घेतलेत तर बोलताना तुमचा आवाज बदललेला तुम्हांलाच जाणवेल.

पगाराविषयी मुलाखतीत गप्प बसू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या निर्देशानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने अशी शिफारस केली होती की पन्नास ते शंभर खाटांच्या खाजगी रुग्णालयातील परिचारिकेचा पगार राज्य सरकारच्या त्याच दर्जाच्या परिचारिकेच्या पगाराहून पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त कमी नसावा. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी हे पाळले जात नाही, आणि साठ खाटांचे ते रुग्णालय पहिल्या दिवशीच ते देईल अशी आशा मी तुम्हांला लावणार नाही. पण आकडा माहीत असलेली स्त्री आणि माहीत नसलेली स्त्री यांच्याशी व्यवस्थापन वेगळे बोलते. पगार, पाळीचे तास, साप्ताहिक सुट्टी आणि भविष्य निर्वाह निधी या चार गोष्टी नेमणूकपत्रात लेखी मागा. तेथे कोणी "सिस्टर, ही तर सेवा आहे" असे म्हणाले, तर सावध व्हा. हा शब्द मी आपल्या स्वतःच्या संस्थांमध्येही पगार कमी करण्यासाठी वापरलेला ऐकला आहे, आणि प्रत्येक वेळी मला याकोबाच्या पत्रातील अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे हे वचन आठवले आहे. कलस्सैकरांस पत्रातील जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा हे वचनही आपण भिंतीवर लावतो, पण ते ज्या उताऱ्यात आहे त्याच्या शेवटी, चौथ्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात, धन्यांना न्यायाने व समतेने वागण्याची आज्ञा आहे; ती मात्र कोणी भिंतीवर लावलेली मी पाहिली नाही.

तुम्हांला बहुधा स्टाफ नर्सची जागा मिळेल आणि तुमच्यावर सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची इन्चार्ज असेल. मीही मुले लहान असताना सात वर्षे घरी होते. परतले तेव्हा पहिल्याच सकाळी एका म्हाताऱ्या गृहस्थांची शीर मला दोनदा सापडली नाही. माझा हात थरथरत होता, शेजारी माझ्यापेक्षा पुष्कळ लहान मुलगी ट्रे धरून उभी होती आणि तिने माझ्याकडे न पाहण्याची काळजी घेतली होती. ते गृहस्थ म्हणाले, "बाई, दुसरा हात घ्या, घाई नाही." दुसऱ्या हातावर जमले. त्या मुलीकडून मी पुढच्या महिन्यात नव्या फॉर्मचे सगळे रकाने शिकले आणि तिने माझ्याकडून घाबरलेल्या नातेवाइकांशी बोलणे शिकले. वयाने मोठे असण्याचा हिशेब असा फिटला.

यजमानांची हरकत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. हरकत नसणे हे दार उघडे ठेवण्यासारखे आहे, पण सकाळी सहाला तुम्ही त्या दारातून बाहेर पडल्यावर डबे कोण भरणार हे त्यातून ठरत नाही. मुलीचे बारावीचे वर्ष आहे, म्हणून घरकाम तिच्याकडे आपोआप सरकू देऊ नका. आठवीतल्या मुलाला कुकर लावता येतो, आणि बँकेतून किंवा कचेरीतून सातला घरी येणाऱ्या माणसाला भांडी घासता येतात. हे नोकरी लागण्यापूर्वी, जेवणाच्या वेळी, चौघे बसलेले असताना ठरवा आणि रात्रपाळ्यांचे काय करायचे तेही त्याच वेळी बोला. मार्चमधील परीक्षा होईपर्यंत फक्त दिवसपाळी मिळेल का, असे मुलाखतीत विचारण्यात कमीपणा नाही. नाही म्हणाले तर एप्रिलपासून रुजू होते असे सांगता येईल. परिचारिकांची जागा एवढ्यात भरून जात नाही.

सोबतची छायाप्रत परत पाठवत आहे. मला ती दाखवण्याची गरज नव्हती. तिच्यावर तुमचे माहेरचे नाव आहे, तेव्हा विवाहाच्या दाखल्याची प्रतही काढून ठेवा, दोन्ही एकत्र टाचा आणि सोमवारी मेट्रनच्या टेबलावर ठेवा.

प्रभूमध्ये तुमची,
सल्लागार भगिनी